शैक्षणिक लघुचित्रफीत आणि वऱ्हाड : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांत लघुचित्रफीत हे अध्यापनाचे नेहमीचे साधन होऊन बसले आहे. विज्ञानाचा एखादा प्रयोग, गणितातील एखादे उदाहरण किंवा फवारणी पंपाची हाताळणी पाच-दहा मिनिटांत पडद्यावर दाखविली जाते आणि ही पद्धती मोबाईलबरोबर आली असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. वस्तुतः मराठी प्रदेशात तिचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांच्या क्रमाने केले जाते : आधी प्रक्षेपक, मग दूरचित्रवाणी, मग संगणक, मग मोबाईल. प्रस्तुत लेखात वेगळा प्रश्न विचारला आहे. चालू असलेली चित्रफीत थांबविण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता? शिकणाऱ्याच्या, शिकविणाऱ्याच्या, की दूरच्या केंद्रातील अधिकाऱ्याच्या? वऱ्हाडच्या संदर्भात हा प्रश्न यंत्राच्या प्रश्नापेक्षा अधिक उपयुक्त ठरतो, असे या विवेचनाचे गृहीतक आहे.

पूर्वपीठिका

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, एक अगदी छोटी चित्रफीत तयार केली होती. कुंडीत वाटाणे पेरून समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ दररोज एक चौकट टिपली. मिनिटाहून थोड्याच अधिक लांबीच्या त्या 'अंकुराची वाढ' या चित्रफितीत वाटाणा रुजतो, अंकुरतो आणि त्याचा वेल होतो. भांडवल देणाऱ्यांना चलच्चित्राची शक्ती पटविणे हा तिचा हेतू होता आणि तो साधलाही. तथापि ती वस्तुतः वनस्पतिशास्त्राचा पाठ होती. डोळ्यांना एरवी न दिसणारी क्रिया तिने दृश्य केली. विज्ञानाच्या अध्यापनात चित्रफितीचे खरे सामर्थ्य काय, याचे उत्तर त्या एका मिनिटात आले होते. पुढे फाळके यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारी फीत आणि तळेगावच्या काच कारखान्यावरील फीतही केली. म्हणजे 'कारागिरी दाखविणारी चित्रफीत' हा प्रकारही मराठी प्रदेशात तेवढाच जुना आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने हे काम हाती घेतले. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी माहितीपट दाखविणे बंधनकारक झाले. हे माहितीपट बहुधा एका रिळाचे, म्हणजे सुमारे दहा मिनिटांचे असत. ही लांबी कोणा शिक्षणतज्ज्ञाने ठरविलेली नव्हती. रिळाचा आकार आणि खेळाची वेळ यांनीच ती ठरविली होती. अमरावती-अकोल्याच्या प्रेक्षकांनी धान्य, आरोग्य, धरणे यांविषयी जे पाहिले ते मुख्य चित्रपटाच्या प्रतीक्षेत, आणि 'न्यूजरील' संपल्यावर आत शिरणारा चतुर प्रेक्षकही तेव्हा दुर्मीळ नव्हता. खेड्यांत क्षेत्रीय प्रसिद्धीची गाडी जात असे. पडदा बांधला जाई, १६ मिलिमीटरचा प्रक्षेपक सुरू होई आणि रीळ संपेपर्यंत सुरूच राही. फीत मध्येच थांबवून 'हे समजले का?' असे विचारणे तांत्रिकदृष्ट्याही अवघड होते, कारण एकाच चौकटीवर दिव्याची उष्णता पडत राहिली तर फीत खराब होण्याचा धोका असे.

या ठिकाणी एक तुलना अप्रस्तुत होणार नाही. त्याच काळात वऱ्हाडात लोकशिक्षणाचे दुसरे एक माध्यम जोमात होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) आपल्या कीर्तनात श्रोत्यांना सतत प्रश्न विचारीत, त्यांच्याकडून उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तरावरच पुढचा प्रश्न उभा करीत. स्वच्छता, कर्ज, व्यसन, मुलांचे शिक्षण हे विषय तेथे श्रोत्यांच्या बोलीत येत. उत्तर आल्याशिवाय कीर्तन पुढे जात नसे. शासकीय गाडीचा पडदा आणि गाडगेबाबांचे कीर्तन यांतील फरक केवळ यंत्राचा नव्हता, तो थांबण्याचा होता. डॉ. पंजाबराव देशमुख यांचाही भर प्रत्यक्ष दाखविण्यावर होता. १९५९-६० मध्ये दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन हे त्याचे मोठे उदाहरण होय. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात स्थापन झाले आणि विदर्भातील कृषिविस्ताराची जबाबदारी त्याच्याकडे आली.

उपग्रहाचे पर्व

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साइट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले. शाळकरी मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम तयार करण्याचे काम इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओतही झाले. मात्र प्रयोगाच्या सहा राज्यांत, म्हणजे आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा व राजस्थान यांत, महाराष्ट्र नव्हता. विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईत घडत होते आणि मेळघाटाच्या सीमेपलीकडील राज्य प्रयोगात सामील होते, वऱ्हाड मात्र मधल्या मध्ये कोरडा राहिला.

ही उणीव इन्सॅटच्या काळात भरून निघण्याची चिन्हे दिसू लागली. इन्सॅट-१बी १९८३ च्या ऑगस्टमध्ये अवकाशात गेला आणि शैक्षणिक प्रसारणासाठी निवडलेल्या राज्यांत या वेळी महाराष्ट्राचा समावेश झाला. १९८४ मध्ये पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच 'बालचित्रवाणी' सुरू झाली. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा या वयोगटांसाठी सुमारे वीस मिनिटांचे कार्यक्रम मराठीत होऊ लागले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा महाविद्यालयीन कार्यक्रम दूरदर्शनवर आला. अमरावती विद्यापीठाची स्थापना आदल्याच वर्षी, १ मे १९८३ रोजी झाली होती. नव्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला देशातील तज्ज्ञ प्राध्यापक घरबसल्या दिसावेत ही कल्पना मोठी होती. परंतु कार्यक्रम प्रामुख्याने इंग्रजीत असत आणि दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर येथून मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ते विषयाइतकेच भाषेनेही दूरचे वाटत.

बालचित्रवाणीचे कार्यक्रम भाषेच्या दृष्टीने जवळचे होते. तेथे अडचण वेळेची होती. प्रसारणाची वेळ ठरलेली, शाळेचे वेळापत्रक निराळे. पडद्यावर चुंबकत्व सुरू असताना वर्गात अपूर्णांक चालू असणे यात शिक्षकाचा दोष नव्हता. वऱ्हाडात उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत उपस्थितीच बदलते. प्रसारणाच्या तक्त्यात या गोष्टींना स्थान असणे शक्य नव्हते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शाळांना रंगीत दूरचित्रवाणी संच आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर देण्याची योजना आली. संच 'डेडस्टॉक रजिस्टर'मध्ये नोंदला की त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी मुख्याध्यापकावर येते आणि जबाबदारी आली की कुलूपही येते. वापरापेक्षा जतन श्रेष्ठ ठरविणारी ही व्यवस्था शैक्षणिक साधनांच्या इतिहासात उपग्रहाइतकीच निर्णायक मानावी लागेल. पुढे २००५ नंतरच्या वर्षांत ग्रामीण भागातील भारनियमन कित्येक तासांवर गेले आणि कुलूप उघडले तरी संच सुरू होईलच याची खात्री राहिली नाही.

बालचित्रवाणीचा शेवट येथेच नोंदविणे आवश्यक आहे. केंद्राचे अनुदान थांबल्यानंतर संस्था दीर्घकाळ आर्थिक अडचणीत राहिली आणि २०१७ मध्ये राज्य शासनाने ती बंद केली. मोबाईलच्या युगात दूरचित्रवाणीसाठी कार्यक्रम करणारी संस्था हवी कशाला, हा युक्तिवाद त्या वेळी अनेकांना पटण्यासारखा होता. तीन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली, ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केलेली होती. मालिका चांगली होती. पाठ्यपुस्तकातील संकल्पना घरातल्या वस्तूंनी करून पाहण्यावर तिचा भर होता. तरीही तीन दशकांचा अनुभव असलेली शासनाची स्वतःची संस्था नेमक्या गरजेच्या वेळी अस्तित्वात नसावी, ही नियोजनातील गंभीर त्रुटी होती. अमरावती शहर आणि अचलपूर येथे तर फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात इतरत्र व्यवहार सुरळीत असताना पुन्हा टाळेबंदी लागू झाली. त्यामुळे घरून शिकण्याचा काळ या भागात आणखी लांबला.

थांबविता येणारी चित्रफीत

माध्यमातील खरा बदल संगणकाने आणला. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि पुढील वर्षी 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रम सुरू झाला. तालुक्याच्या गावी, बसस्थानकाजवळच्या एखाद्या गाळ्यात, नोकरीच्या आशेने आलेला पदवीधर आणि पदोन्नतीसाठी आलेला शासकीय कर्मचारी शेजारी बसून पडद्यावरील पाठ पाहू लागले. पाठ पुन्हा पाहता येत होता. वऱ्हाडातील प्रौढ शिकणाऱ्याला स्वतःच्या गतीने शिकण्याची मुभा देणारे हे पहिले मोठे उदाहरण मानता येईल. त्यामागील प्रेरणा ज्ञानापेक्षा प्रमाणपत्राची होती, हेही तितकेच खरे.

याच काळात पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या चित्रफितींची मोठी मालिका केली. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे आणि प्लास्टिकच्या बाटल्या यांतून भूमिती आणि भौतिकशास्त्र उभे राहते. बहुतेक फिती एक-दोन मिनिटांच्याच आहेत आणि त्या मराठीसह अनेक भाषांत, विनामूल्य उपलब्ध आहेत. येथे लांबी रिळाने किंवा प्रसारणाने ठरत नाही, खेळणे तयार व्हायला जेवढा वेळ लागतो त्यावरून ठरते. फीत पाहून संपल्यावर पाहणाऱ्याचे हात रिकामे राहिले तर ती निष्फळ होय, असे तिचे स्वरूपच आहे. वर्षाला एखादा प्रयोग दाखवून प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करून घेणाऱ्या शाळांसाठी याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्यूटोरियल' हा प्रकल्प प्रौढांच्या कौशल्यशिक्षणासाठी असाच महत्त्वाचा आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली, माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाच्या साहाय्याने तो उभा राहिला. सुमारे दहा मिनिटांची एक फीत संगणक प्रणालीचे एकच कौशल्य शिकविते. पडद्याच्या एका बाजूस फीत आणि दुसऱ्या बाजूस ती प्रणाली उघडून ठेवायची, थोडे पाहायचे, थांबवायचे, तेवढे करून बघायचे, मग पुढे जायचे. थांबणे येथे व्यत्यय नसून पद्धतीचाच भाग आहे. निवेदन मराठीत ऐकता येते, परंतु पडद्यावरील अक्षरे मुद्दाम इंग्रजीच ठेवली आहेत, कारण कचेरीत गेल्यावर प्रत्यक्ष काम त्याच अक्षरांशी पडते. मातृभाषा आणि रोजगाराची भाषा यांचा असा व्यवहार्य मेळ 'कंट्रीवाइड क्लासरूम'ला साधता आला नव्हता.

बोलीचा आणि भाषेचा प्रश्न

२०१७ नंतर 'दीक्षा' हे व्यासपीठ आणि बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोड यांमुळे प्रत्येक धड्याला चित्रफीत जोडली गेली. शिक्षकाच्या खिशातील मोबाईल हाच पडदा झाला आणि विरामाचे बटण त्याच्या अंगठ्याखाली आले. तथापि फितीतील मराठी प्रमाण असते. वऱ्हाडी मुलाला ती परकी नाही, परंतु प्रश्न विचारण्याची त्याची भाषाही ती नाही. गणितात तर उच्चारालाही शैक्षणिक मूल्य असते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशा संख्यावाचनाचा पर्याय आला, तेव्हा राज्यभर वाद झाला. समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका मुलांना जोडाक्षरी संख्यानामे जड जातात या निरीक्षणावर आधारलेली होती. वादातील विनोद बाजूला ठेवला तर मुद्दा महत्त्वाचा उरतो. वाचन एका क्रमाने आणि लेखन दुसऱ्या क्रमाने होत असेल तर चित्रफितीतील आवाज मुलाला मदत करतो की गोंधळात टाकतो, हे फीत चालू असताना फक्त वर्गातला शिक्षकच ओळखू शकतो.

मेळघाटात, म्हणजे धारणी व चिखलदरा तालुक्यांत, प्रश्न बोलीचा नसून भाषेचाच आहे. कोरकू ही ऑस्ट्रोआशियाई कुळातील मुंडा शाखेची भाषा आहे, मराठीशी तिचे नाते नाही. पहिलीतील कोरकू मुलासमोर उत्तम मराठी फीत लावणे म्हणजे त्याला केवळ चित्रे दाखविणे होय. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी, ज्यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, कन्नड भाषक मुलींसाठी पाठ्यपुस्तक त्यांच्या भाषेत आणून क्यूआर कोडद्वारे त्याला चित्रफिती जोडल्या. मोबाईलचा संपर्क अनेक गावांत अजून तुटक असलेल्या मेळघाटात त्याची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही. परंतु फीत आधी उतरवून घेणे आणि शिक्षकाने ती थांबवून कोरकूत बोलणे यासाठी उपग्रहाची गरज नाही, शिक्षकाला कोरकू येण्याची गरज आहे.

पऱ्हाटीतील धडा

कामाचे कौशल्य चित्रफितीतून शिकविण्याची कसोटी वऱ्हाडात वर्गात लागली नाही, ती कपाशीच्या शेतात लागली. २०१७ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात अमरावती विभागातील यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, आणि अकोला जिल्ह्यातही बळी गेले. गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव, डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, एकात एक मिसळलेली कीटकनाशके, दमट हवा आणि जोरदार फवारा उडविणारे पंप अशी कारणे एकत्र आली. बाटलीवर विषारीपणा दाखविणारा रंगीत त्रिकोण असतो : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. सूचनापत्रकही असते, पण त्यावरील अक्षरे इतकी बारीक असतात की शिकलेल्यालाही ती वाचवत नाहीत. जो फवारतो तो पुष्कळदा रोजाने आलेला मजूर असतो आणि बाटली त्याने विकत घेतलेलीच नसते.

अशा प्रसंगी वाऱ्याच्या दिशेने कसे चालावे, नळी तोंडाने का फुंकू नये, अंगावरचे कपडे कोठे काढावेत हे दाखविणारी तीन मिनिटांची फीत कोणत्याही पत्रकापेक्षा प्रभावी असू शकते. मात्र ती कोणाच्या हाती पडते हे पाहावे लागते. शेतमालकाच्या मोबाईलवर आलेली सूचना मजुरापर्यंत पोहोचली असे मानण्याची चूक कृषिविस्तारात सहज होते. फितीतील माणूस हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी घालून फवारतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसभर ते अंगावर ठेवणे किती कठीण आहे हे फीत सांगत नाही. नेमके तेथे ती थांबवून 'हे का जमत नाही?' असे कोणी विचारले तर खरे शिक्षण सुरू होते, आणि दुकानदाराच्या सल्ल्याने केलेल्या मिश्रणाचा विषयही तेव्हाच निघतो. सारी जबाबदारी फवारणाऱ्याच्या मुखपट्टीवर टाकणारी फीत अपुरी आहे, मग ती कितीही सुबक असो.

कर्नाटकात झालेल्या एका प्रयोगाने या मुद्द्याला आधार दिला आहे. 'डिजिटल ग्रीन' या उपक्रमाच्या आरंभी १६ गावांत १३ महिने गावातल्याच शेतकऱ्यांना घेऊन केलेल्या फिती गटाने दाखविण्यात आल्या. गावातलीच एक व्यक्ती त्या दाखवी, मध्ये थांबवी, प्रश्न विचारी. नेहमीच्या विस्तारपद्धतीच्या तुलनेत काही शेतीपद्धतींचा स्वीकार सात पटींनी वाढल्याचे संशोधकांनी नोंदविले. पडद्यावर ओळखीचा माणूस आणि पडद्याशेजारी प्रश्न विचारणारा माणूस, ही रचना वऱ्हाडाला अपरिचित नाही. कीर्तनात ती आधीपासूनच होती.

२०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या आणि त्यानंतर घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याच्या प्रात्यक्षिकांना वेग आला. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडावयाचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ओलसर ठेवावयाचे आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावयाचे. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. साठच उगवले तर ३५ किलो लागते. बीजाचे अंकुरण, शेकडेवारी, व्यस्त प्रमाण आणि पेरणीचे कौशल्य हे सर्व एका गोणपाटात सामावते. विज्ञान, गणित आणि व्यवसायशिक्षण यांचे वेगवेगळे तास पाडणाऱ्या वेळापत्रकाला हे सोयीचे नसले तरी शाळेच्या व्हरांड्यात ते सहज करता येते, आणि पालकांना त्याचा उपयोगही आहे.

या चाचणीची फीत चार मिनिटांत होते. दाणे मांडणे एका मिनिटाचे, गुंडाळणे अर्ध्या मिनिटाचे, आणि मग पडद्यावर 'सहा दिवसांनंतर' अशी पाटी येते. फाळके यांनी एका महिन्याचे एक मिनिट केले होते, त्याच युक्तीने ही पाटी सहा दिवस वगळते. शेतकऱ्याला मात्र ते वगळता येत नाहीत. रोज गोणपाटावर पाणी शिंपडणे राहून गेले तर बियाणे चांगले असूनही कोंब कमी येतात आणि गणित चुकते. ज्या शिक्षकाने किंवा कृषी सहायकाने फीत त्या पाटीवर थांबवून गोणपाट रोज कोण भिजविणार याची नावे गटातून ठरवून घेतली, त्याच्याकडे सातव्या दिवशी मोजण्यासाठी काही असते.